हवा तो प्रोग्रॅम आणि लायब्ररी संगणकावर आहे का? पायथन स्क्रिप्टमधूनच असं तपासा

आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या मी पायथनच्या एका छोट्या स्क्रिप्टनं काढतो. वर मराठी ओळ, खाली कन्नड. खानापूरला माझ्या उबुंटू लॅपटॉपवर सगळं नीट दिसायचं. बेळगावात छपाईच्या दुकानातल्या विंडोज संगणकावर तीच स्क्रिप्ट चालवली. एकही एरर आली नाही, पण पावतीवर 'निपाणी'ची पहिली वेलांटी 'न'च्या पलीकडे जाऊन बसली आणि 'श्री'ची अक्षरं सुटी झाली. छापलेला गठ्ठा रद्दीत गेला. तेव्हापासून माझी स्क्रिप्ट आधी स्वतःला लागणाऱ्या गोष्टी तपासते, मगच कामाला लागते.

सुरुवातीला काय काय लागतं त्याची यादी करा आणि तिचे तीन भाग पाडा: स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात काम करणाऱ्या लायब्ररी आणि पायथनची मोड्यूल. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. मोड्यूल बसवणाऱ्या पिपनं पायटेसरॅक्ट घेतलं की अक्षरओळख सुरू होईल असं वाटतं, पण ते मोड्यूल फक्त टेसरॅक्ट या प्रोग्रॅमला काम सांगतं. टेसरॅक्ट वेगळा बसवावा लागतो. मोड्यूल आहे का, हे इम्पोर्टलिबच्या फाइंड-स्पेकनं कळतं. तिथे फार वेळ घालवू नका.

प्रोग्रॅम शोधायला शटिल मोड्यूलमधलं व्हिच हे फंक्शन वापरा. ते पायथन ३.३ पासून आहे. नाव द्यायचं, पाथमधल्या, म्हणजे संगणक प्रोग्रॅम जिथे शोधतो त्या फोल्डरांत तो सापडला तर पूर्ण पत्ता मिळतो, नाहीतर नन, म्हणजे 'काही नाही'. जुन्या लेखांत डिस्टयुटिल्सचं फंक्शन सांगितलेलं असतं, ते घेऊ नका. पायथन ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स काढूनच टाकलं आहे.

पण नाव सापडलं म्हणजे माणूस तोच, असं नसतं. चित्रांवर काम करणाऱ्या इमेजमॅजिकच्या सहाव्या आवृत्तीत आज्ञेचं नाव कन्व्हर्ट आहे. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्येही कन्व्हर्ट नावाचा प्रोग्रॅम असतो, आणि त्याचं काम डिस्कची फॅट रचना बदलून एनटीएफएस करणं! व्हिच तुम्हाला आनंदानं त्याचाच पत्ता देईल. म्हणून आधी मॅजिक हे सातव्या आवृत्तीतलं नाव शोधा. ते नसेल तरच कन्व्हर्टकडे वळा, आणि आवृत्ती विचारल्यावर उत्तरात इमेजमॅजिक हा शब्द आला तरच तो आपला माना.

आवृत्ती विचारायला सबप्रोसेसचं रन वापरा. आज्ञा एका सलग ओळीत न देता शब्दांची यादी म्हणून द्या, आणि पाच सेकंदांचा टाइमआउट लावा, म्हणजे अडकलेला प्रोग्रॅम तुमची स्क्रिप्ट अडकवणार नाही. उत्तर एसटीडीआउट (नेहमीचं उत्तर) आणि एसटीडीएरर (चुकांचे निरोप) या दोन्हीकडे बघा. पीडीएफची पानं चित्रात बदलणारा पीडीएफटूपीपीएम आपली आवृत्ती एसटीडीएररवर लिहितो. एकच बाजू बघितली तर उत्तर रिकामं वाटतं.

टेसरॅक्टला एक प्रश्न जास्त विचारा. जुनी मराठी-कन्नड पावतीपुस्तकं वाचून घ्यायची असतील, तर त्याच्याकडून भाषांची यादी मागवा आणि तीत मराठीचा एमएआर आणि कन्नडचा केएएन हे संकेत आहेत का ते बघा. नसतील तर प्रोग्रॅम असूनही आपल्या कामाचा नाही.

आता लायब्ररी. सीटाइप्सच्या युटिलमधलं फाइंड-लायब्ररी हे फंक्शन आहे. त्याला सुरुवातीचं 'लिब' आणि शेवटचं 'एसओ' गाळून नुसतं नाव द्यायचं. लिनक्सवर ते पूर्ण पत्ता देत नाही, फाइलचं नाव देतं. चित्रात अक्षरं मांडणाऱ्या पिलोसाठी मी सुरुवातीला हेच वापरलं, आणि फसलो. पिलोला जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवायला रॅक्म ही लायब्ररी लागते. पिपनं घेतलेल्या पिलोत रॅक्म आतच येते, त्यामुळे फाइंड-लायब्ररीला ती दिसेलच असं नाही. उलट, ती संगणकावर असली तरी पिलो तीच वापरतो, याची खात्री नाही. म्हणून जो वापरतो त्यालाच विचारा: पिलोच्या फीचर्समधलं चेक हे फंक्शन रॅक्म या नावानं चालवा.

दुकानातल्या संगणकावर त्याचं उत्तर आलं फॉल्स. आतल्या रॅक्मला चालायला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. ती पिलो चालताना शोधतो, आणि विंडोजवर तिची डीएलएल (विंडोजवरच्या लायब्ररीची) फाइल आपल्यालाच ठेवावी लागते. ती नसली की पिलो गुपचूप साध्या मांडणीवर जातो. हेच ते आमचं रद्दीचं कारण. कन्नड ओळही यातून सुटत नाही, कारण तिथे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली यावं लागतं.

स्क्रिप्ट पहिल्याच उणिवेवर थांबवू नका. सगळ्या उणिवा गोळा करून एकदमच दाखवा, आणि प्रत्येकीपुढे काय बसवायचं तेही लिहा. मी हा निरोप मराठी आणि कन्नड दोन्हींत देतो, कारण दुकानात संगणकावर कधी कोण बसलेलं असेल सांगता येत नाही. आणि ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमधूनही हीच तपासणी एकदा चालवून बघा. तिथला पाथ आखूड असतो. टर्मिनलवर सापडणारा प्रोग्रॅम तिथे सापडेलच असं नाही.

फ्रिबिडीची फाइल ठेवल्यावर चेकचं उत्तर ट्रू आलं. तरीही छपाईआधी स्क्रिप्ट 'श्री, चिकोडी, निपाणी' एवढी एक ओळ आणि तिच्याखाली तिचं कन्नड रूप चित्रात काढून दाखवते. वेलांट्या जागेवर दिसल्या की मगच आम्ही कागद लावतो.