स्पर्धेसाठी सोंगट्या घेताय? आधी उंटाचं डोकं बघा

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळातला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि इकडे सेलूत माझा फोन वाजायला लागला. "बाई, लेकराला चेस लावायचंय, सेट कोणता घेऊ?" तेवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता घरच्या पुढच्या खोलीत बुद्धिबळाचा क्लास घेते, अधूनमधून स्पर्धेत पंचांच्या मदतीला बसते. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

लोक सेट घेताना आधी देखणेपण बघतात. कुणी सहलीहून संगमरवरी पट आणतं, कुणी सैनिक-सरदारांचा, हत्तीवर अंबारी असलेला. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवायला हे सगळं झकास. खेळायला मात्र मेलं काही कामाचं नाही.

का, ते मी एका लेकरापायी शिकले. माझी नऊ वर्षांची एक विद्यार्थिनी एका रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या, स्पर्धेला गेली होती. आयोजकांकडे पट कमी पडले, म्हणून ज्याचा त्याचा सेट लावायला सांगितलं. समोरच्या मुलाचा सेट लाकडी, पॉलिश केलेला, नक्षीचा. त्यातल्या उंटाच्या डोक्यावर खाच नव्हती, नुसता गोळा होता, आणि प्याद्यालाही तसाच गोळा. उंची थोडी कमी-जास्त, एवढाच काय तो फरक. घड्याळात दीड मिनिट उरलेलं. पोरीनं प्यादं सरकवायला हात घातला आणि उचलला उंट. ज्या सोंगटीला हात लावला, तिचीच चाल करावी लागते. उंट हलला, त्याच्या जोरावर उभा असलेला घोडा फुकट गेला, पुढच्या पाच चालींत डाव संपला. पंच नियमानंच वागले, त्यांना काय बोलणार? पोरगी बाहेर येऊन म्हणाली, "बाई, मला दिसलंच नाही." तिचं खरं होतं. घाईत आपण सोंगटी बघत नाही, डोळ्याच्या कडेनं नुसतं तिचं डोकं टिपतो.

म्हणून दुकानात पहिली परीक्षा हीच. एक उंट आणि एक प्यादं शेजारी ठेवा, तीन पावलं मागं सरका, डोळे किलकिले करा. मग राजा आणि वजिराचं तसंच करा. चारही डोकी वेगळी दिसली तर पुढं बोलू. फिडे, म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, तिच्याही नियमात हे आहे: राजाचा माथा वजिरापेक्षा स्पष्ट वेगळा हवा, आणि उंटाच्या माथ्याला खाच हवी किंवा वेगळा रंग हवा, म्हणजे तो प्याद्यासारखा दिसणार नाही. वेगळ्या रंगाचं उदाहरण बघायचं तर १९५० च्या डुब्रोव्निक ऑलिंपियाडसाठी केलेला सेट बघा. त्यात पांढऱ्या उंटाला काळी टिकली आणि काळ्याला पांढरी. बॉबी फिशरचा तो लाडका सेट होता. आपल्याकडे मात्र खाचवालाच घ्या, तो कुठंही मिळतो.

त्या खाचवाल्या घडणीचं नाव स्टॉन्टन. इंग्लंडमध्ये १८४९ साली नॅथॅनियल कुक या माणसानं हे डिझाइन नोंदवलं, लंडनच्या जॅक्स कंपनीनं ते बनवून विकलं आणि नाव मिळालं त्या काळच्या नामी खेळाडूचं, हॉवर्ड स्टॉन्टनचं. त्याआधी ठिकठिकाणी वेगळी घडण चालायची, परक्या पटावर बसलं की आधी सोंगट्याच ओळखायला लागायच्या. स्टॉन्टन घडणीनं ती कटकट मिटवली. राजावर फुली, वजिराला मुकुटाचे कंगोरे, हत्ती म्हणजे किल्ल्याचा बुरूज, उंट म्हणजे बिशपची मधे चिरलेली टोपी.

इथं आमच्या लेकरांची पंचाईत होते. पहिल्या दिवशी एक तरी पोरगं विचारतंच, "बाई, ह्या हत्तीला सोंड कुठंय?" आणि उंटाला मान नाही, पाठीवर कुबड नाही. घडण विलायती आणि नावं आपली, त्याला मी तरी काय करू! माझ्या आजोबांकडे खरादावर कातलेला जुना सेट होता, लाल आणि हिरवा. त्यात राजा आणि वजीर म्हणजे एकसारखे दोन घुमट, राजा बोटभर उंच. आजोबा न बघता खेळायचे, कारण चाळीस वर्षं तोच सेट हातात. तुमचं लेकरू रविवारी जालन्यात तर पुढच्या रविवारी नांदेडला, दर वेळी नव्या पटावर बसणार. तिथं स्टॉन्टन असणार. म्हणून घरी सरावही त्याच घडणीवर करायचा.

आता मापं. पट्टी घेऊन दुकानात जा, लाजू नका. फिडेच्या मापात राजा ९.५ सेंटीमीटर, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५. दहा टक्के इकडंतिकडं चालतं, पण उंचीचा क्रम मोडता कामा नये. स्वस्त सेटमध्ये घोडा उंटाच्या डोक्यावरून बघताना दिसतो, तो परत ठेवा. पटाचं घर ५ ते ६ सेंटीमीटरचं. मापाचा सगळ्यात सोपा खेळ म्हणजे चार प्यादी एका घरात बसवा. नीट मावली तर पट आणि सोंगट्यांची जोडी जमली. मावली नाहीत तर बोटं अडकणार आणि शेजारची सोंगटी आडवी होणार. सोंगटी पडली तर ती पाडणाऱ्यानं आपल्याच वेळेत उभी करायची असते, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. लेकराला खुर्चीत बसवून बघा. आपण दुकानात उभं राहून वरून बघतो. आठ वर्षांचं पोर टेबलाशी बसलं की त्याचे डोळे सोंगट्यांच्या जेमतेम वर असतात, आणि मोठ्या राजा-वजिरामागचा घोडा त्याला दिसतच नाही. पट गच्च भरलेला असेल, घरं लहान असतील, तर आणखी वाईट. त्याच्या उंचीवर वाकून एकदा पूर्ण मांडलेला पट बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

वजनाचं बोलते, कारण आपल्याकडे पंखा असतो. मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास, मंगल कार्यालयात स्पर्धा, डोक्यावर पंखा फुल्ल आणि बाजूनं कूलर. पोकळ प्लास्टिकची प्यादी तिथं डुगडुगतात. चांगली सोंगटी बोटानं तिरकी करून सोडली की परत उभी राहते, कारण तिचं वजन तळाशी असतं. फिडे वजनाचा आकडा देत नाही. हलवायला सोपी आणि पटावर घट्ट, एवढंच तिचं म्हणणं.

सेट आधीच घेऊन बसला असाल आणि तो पोकळ असेल तर फेकू नका. तळाचा कागद काढा. आत दोन-तीन लोखंडी वायसर अगदी तळाशी येतील असे बसवा आणि एम-सीलनं पक्के करा. वजन वर गेलं तर सोंगटी उलट जास्त पडते. शिसं वापरू नका, लेकरं तोच हात तोंडात घालतात. रात्रभर वाळू द्या. मग हिरव्या बनातीच्या गोल चकत्या कापून खाली चिकटवा. फेविकॉल प्लास्टिकला धरत नाही, चपला-बुटांना लावतात ते सोल्युशन घ्या. बत्तीस चकत्या कापताना बोटं दुखतात, पण तुमच्या प्याद्याचा खडखडाट बंद होतो. माझा क्लासचा एक सेट असाच आहे, सात वर्षं चाललाय.

लाकडी घ्यायचा असेल तर घोडा बघा, बाकी काही बघू नका. बाकीच्या सोंगट्या खरादावर निघतात, घोडा हातानं कोरावा लागतो. अमृतसरचे कारागीर त्यात नावाजलेले. आयाळ, कान, जबडा नीट असेल तर सेटही नीट असतो, आणि किमतीचा मोठा हिस्सा त्या चार घोड्यांचाच असतो. कान पातळ असले की पहिल्या महिन्यात तुटतात. आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं, तेव्हा गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत सेट ठेवू नका. खरं सांगू का, शाळकरी मुलाला प्लास्टिकचाच घ्या.

चकाकी नको. ट्यूबलाइटचा उजेड पॉलिशवर पडला की काळा उंट पांढरा दिसतो. पांढऱ्या बाजूला मलई रंग, काळ्या बाजूला काळा किंवा गडद तपकिरी. पटाचं गडद घर आणि गडद सोंगटी एकाच रंगाची असू नयेत. शिसवी रंगाच्या सोंगट्या शिसवी घरांवर, असं दुकानात हमखास विकतात. रेग्झिनचा हिरवा-मलई पट सगळ्यात बरा. गुंडाळून कडा वळल्या असतील तर रात्री गादीखाली घाला.

शेवटचं, वजीर मोजा. प्रत्येक रंगाचे दोन हवेत, म्हणजे एकूण चौतीस सोंगट्या. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की त्याचा वजीर करता येतो, आणि जास्तीचा वजीर नसला की पोरं हत्ती उलटा ठेवून "वजीर!" म्हणतात. फिडेच्या स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरतात. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांना वजीर मागायचा असतो, त्याची मुभा आहे. हे लेकराला घरीच दोनदा करून दाखवा, कारण तिथं हात थरथरतात.

आणि घरी आणल्या आणल्या प्रत्येक सोंगटीच्या तळाला मार्करनं आद्याक्षर लिहा. हॉलमध्ये डाव संपले की शंभर पट एकदम गोळा होतात. माझ्या पिशवीत आजही एक काळं प्यादं आहे, बाकीच्यांपेक्षा जरा बुटकं. कुणाचं आहे कळलं तर देऊन टाकीन. माझं कुणाकडं आहे, त्यानंही द्यावं.