दोन प्रोजेक्टरवर थ्रीडी गेमिंग

एकाच मॉडेलचे दोन डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारे) प्रोजेक्टर घ्या. एक डाव्या डोळ्याचं चित्र दाखवतो, दुसरा उजव्या; फिल्टर आणि चष्म्यामुळे प्रत्येक डोळ्याला आपलंच चित्र दिसतं. एलसीडी प्रोजेक्टरचा प्रकाश आधीच ध्रुवित (ठरावीक दिशेतच कंप पावणारा) असतो, त्यामुळे फिल्टर लावल्यावर रंग बिघडू शकतात. पडदा चंदेरीच हवा, त्यात काटकसर नको: साध्या पांढऱ्या भिंतीवर ध्रुवण टिकत नाही आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात.

प्रोजेक्टर एकावर एक ठेवा. एका लेन्सपुढे डावा, दुसऱ्यापुढे उजवा वर्तुळाकार ध्रुवण फिल्टर लावा. लेन्सला चिकटवू नका, उष्णतेने तो करपतो. चष्मेही वर्तुळाकार ध्रुवणाचेच घ्या, म्हणजे मान कलली तरी चित्र दुहेरी होत नाही.

ग्राफिक्स कार्डमध्ये दोन्ही आउटपुट जोडून ३८४०×१०८० चा एकच डेस्कटॉप करा आणि गेम साइड-बाय-साइडमध्ये (दोन्ही डोळ्यांची चित्रं शेजारी-शेजारी) चालवा. चित्राची खोली उलटी वाटली (जवळचं दूर, दूरचं जवळ), तर फिल्टर अदलाबदल करा. चौकटींचं टेस्ट चित्र लावून कोपरे जुळवा. उभा फरक राहिला, तर डोकं हमखास दुखतं.