घरच्या इंटरनेटसमोर लिनक्सची फायरवॉल

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये इंटरनेट दोन रीतींनी येतं. फायबर दारापर्यंत येऊन ओएनटीचा (फायबरवरचं नेट लॅनच्या वायरीत आणणारा) डबा बसतो, नाहीतर केबलवाला डक्टमधल्या स्विचवरून लॅनची वायर आत सोडतो. फायरवॉल म्हणजे आत-बाहेर जाणारी पॅकेट (डेटाचे तुकडे) तपासून नको ती अडवणारी पहारेकरी. तिची जोडणी दोन्हीकडे एकच: बाहेरची वायर लिनक्सच्या मशीनला, मशीनमधून दुसरी वायर घराला.

मशीन जुनं चालेल, पण विजेचा हिशेब करा. सतत ६० वॅट खाणारा डेस्कटॉप महिन्याला ४३ युनिट जाळतो, १० वॅटचा थिन क्लायंट (छोटा, कमी विजेचा संगणक) सातच. लॅन पोर्ट मात्र दोन हवेत.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवल्यावर एक वायर उपसा आणि 'आयपी लिंक' चालवा. ज्या नावापुढे 'नो-कॅरिअर' दिसेल, ते त्या वायरचं पोर्ट. लगेच चिकटपट्टीवर 'बाहेर', 'आत' लिहून मशीनच्या पाठीला लावा. डीएनएसमास्क (घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा प्रोग्राम) चुकून बाहेरच्या पोर्टवर चालू राहिला, तर समाईक स्विचवरच्या शेजाऱ्यांनाही तुमचं मशीन आयपी वाटत सुटेल. मग केबलवाला आधी तुमचीच वायर काढणार.

आतल्या पोर्टला १९२.१६८.५०.१ द्या आणि डीएनएसमास्कला १०० ते २०० हा पट्टा. १९२.१६८.१ ची मालिका टाळा. ओएनटी बहुधा तीच वापरतो आणि दोन्ही बाजूंना एकच मालिका आली की काहीच चालत नाही. ओएनटी ब्रिज मोडवर (तो स्वतः राउटर न राहता नेट नुसतं पुढे देईल असा) करून घ्या. आयपी फॉरवर्डिंगची (पॅकेट एका पोर्टवरून दुसऱ्यावर जाऊ देणारी) ओळ सिसिटीएल.डी फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा. डेबियन १३ मध्ये जुनी सिसिटीएल.कॉन्फ मशीन सुरू होताना वाचलीच जात नाही.

एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) इनपुट (मशीनकडे येणारं) आणि फॉरवर्ड (मशीनमधून पुढे जाणारं) दोन्हींची पॉलिसी 'ड्रॉप', म्हणजे अडवा. आतून येणारं, लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच), 'एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड' (आधी जुळलेल्या जोडणीचं) आणि आयसीएमपी (पिंग, चुकांचे निरोप) तेवढं सोडा. टेबल 'आयनेट' प्रकारचं ठेवलंत तर हेच नियम आयपीव्ही६ लाही लागतात. आयपीव्ही४ साठी मास्करेड (घरातल्या पत्त्यांऐवजी बाहेरचा एकच पत्ता लावणं) बाहेरच्या पोर्टवर.

युजरनेम-पासवर्ड टाकून जोडावं लागणारं कनेक्शन पीपीपीओई असतं. त्यात बाहेरचं पोर्ट म्हणजे कार्ड नव्हे, पीपीपी० (जोडणी झाल्यावर तयार होणारं आभासी पोर्ट). नियमात ते 'ओआयएफ'ने लिहू नका, 'ओआयएफनेम'ने लिहा (आत येणाऱ्या बाजूला 'आयआयएफनेम'). 'ओआयएफ'ला पोर्ट त्या क्षणी हजर लागतं. पावसाळ्यात वीज जाऊन येते, मशीन उठतं, फायरवॉल आधी चालू होते, पीपीपी० अजून जन्मलेलं नसतं. त्या एका ओळीपायी अख्खी फाइल नाकारली जाते आणि मशीन उघडं पडतं. एनएफटेबल्सची सर्व्हिस 'एनेबल' करायलाही विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर नियम गायब.

पिंग जातं, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात? पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १५०० चा १४९२ होतो. 'पॅकेट मोठं आहे' हा निरोप वाटेत कुणी अडवला की समोरचा सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. फॉरवर्ड साखळीत, 'एस्टॅब्लिश्ड'च्या नियमाआधी, सिन पॅकेटचा (जोडणी सुरू करणाऱ्या) 'मॅक्ससेग' (एका पॅकेटमधला कमाल डेटा) मार्गाच्या (रूट) एमटीयूवर बांधा. आयपीव्ही४ ला तो १४५२ येतो.

वायफायला जुना राउटर वापरा: त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटणारा भाग) बंद, पत्ता १९२.१६८.५०.२, वायर लॅनच्या भोकात, वॅनच्या नाही.

सगळं बरोबर असूनही मशीनला नेट मिळत नसेल, तर केबलवाल्याने जुन्या राउटरचा मॅक अॅड्रेस (लॅन पोर्टचा ओळख क्रमांक) बांधलेला असू शकतो. त्याला नवा कळवा. आणि पीपीपी० चा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर बाहेरून घरचा कॅमेरा पाहण्यासाठी पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. तो पत्ता केबलवाल्याच्या नॅटमागचा (अनेक घरांना बाहेरचा एकच पत्ता) आहे. स्टॅटिक आयपी मागा.