तळच्या पाण्याचा इतिहास गाळातून काढताना या चुका टाळा

मराठवाड्याला समुद्र नाही. तरी आपली काळी माती पैठण, नांदेड, धर्माबाद करत गोदावरीतून वाहत जाऊन बंगालच्या उपसागराच्या तळाशी बसलेली आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या कॉलेजांतली पोरं आता समुद्राच्या गाळावर प्रकल्प घेऊ लागली, याचं मला कौतुक वाटतं. वैताग येतो तो घाईचा. कोअरचे, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या कांडीचे, नमुने हातात पडले की दुसऱ्या आठवड्यात आलेख हवा असतो. मधलं धुणं, वाळवणं, निवडणं हे सगळं यांना हमालीचं काम वाटतं. खरं तर निम्म्याहून जास्त चुका त्या हमालीतच होतात.

बोअरच्या पाण्याने धुणे

समुद्रतळावर राहणारे फोरॅमिनिफेरा, म्हणजे आपले फोराम, हे बारीक एकपेशीय जीव कॅल्साइटचं (चुनखडीचं) कवच बांधतात. आजूबाजूच्या पाण्यातला मॅग्नेशियम थोडासा त्या कवचात शिरतो आणि पाणी जितकं उबदार तितका जास्त शिरतो. म्हणून कवचातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तरावरून तळच्या पाण्याचं जुनं तापमान काढता येतं. दोन अंशांच्या आसपासच्या पाण्यात सिबिसिडॉइडिस या फोरामच्या कवचात हे गुणोत्तर दर मोलमागे साधारण १ मिलिमोल असतं. इतक्या लहान आकड्याला बाहेरचा चिमूटभर क्षारही पुरतो.

लातूरकडच्या एका विद्यार्थ्याने खोल समुद्रातल्या कोअरचे नमुने कॉलेजात धुतले. पाणी बोअरचं, अगदी शेवटच्या खंगाळणीपर्यंत. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझर उघडणाऱ्या माणसाला विचारा. वर घाई होती म्हणून ओव्हन ११० अंशांवर. गाळात चिकणमाती भरपूर, तो भट्टीतल्या विटेसारखा भाजून निघाला. मग ती ढेकळं फोडायला बत्ता आला आणि त्यात निम्मी कवचं फुटली.

उरलेल्या कवचांचं गुणोत्तर आलं अडीचच्या वर. सूत्रात घातलं तर तळचं पाणी नऊ-दहा अंशांचं! आज तिथे तापमान दोन अंशांच्या जवळपास आहे. पोरगा मात्र खूश. हिमयुगानंतर तळाशी कुठून तरी उबदार पाणी आलं, असा सिद्धांतही त्याने रचून ठेवला होता. मी शंका काढली तर म्हणाला, “सर, ॲल्युमिनियम तपासलंय, कमीच हाय. म्हणजे माती निघालीय की.” माती निघाली होती, हे खरं. पण ॲल्युमिनियमची तपासणी माती पकडते, बोअरचा क्षार पकडत नाही. कवचं साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर शिवणींत आणि छिद्रांत पांढरं किटण स्पष्ट दिसत होतं. यंत्रात घालण्याआधी कुणी बघितलंच नव्हतं. ऑक्सिडीकरणाची (सेंद्रिय मळ काढण्याची) पायरी आणि शेवटची सौम्य आम्लाची धुवणी “कवच विरघळंल” म्हणून वगळली होती. तीच थोडी तरी कामाला आली असती.

माझी सवय सांगतो. गाळ आधी पाण्यात भिजवून मोकळा करायचा, हट्टी असेल तर चिकणमाती सुटी करणारं थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायचा. नळाचं पाणी पहिल्या धारेपुरतं. शेवटच्या दोन-तीन खंगाळण्या ऊर्ध्वपातित पाण्याने, त्यात अमोनियाचे दोन थेंब. नुसतं ऊर्ध्वपातित पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून आंबट होतं. त्यात रात्रभर कवचं ठेवली तर नाजूक जाती सकाळी झिजलेल्या सापडतात. वाळवायचं ५० अंशांवर, पातळ थरात, वीज गेली तर ती येईपर्यंत थांबून. “मग जारचं पाणी चालंल का?” हा प्रश्न दर वर्षी येतो. नाही चालणार. कोणत्या जारमध्ये काय आहे हे जारवाल्यालाही ठाऊक नसतं.

आणि चाळणी. दोन नमुन्यांच्या मध्ये ती मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवा. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं तर ते आधीच्या नमुन्याचं, उचलून टाका. एवढ्या स्वस्तात मिळणारा पुरावा पोरं का टाळतात, मला कळत नाही.

मिळेल ती जात घेणे

सिबिसिडॉइडिस वुलर्स्टॉर्फी गाळाच्या पृष्ठभागावर, कधी त्याहून वर उंचवट्याला चिकटून राहतो. म्हणून त्याच्या कवचातला कार्बन-१३, म्हणजे जड कार्बनचं प्रमाण, तळच्या पाण्याशी चांगला जुळतो. युविजेरिना हा दुसरा फोराम गाळाच्या वरच्या थरात शिरून राहतो, ग्लोबोबुलिमिना हा तिसरा त्याच्याही खाली, जिथे ऑक्सिजन संपत आलेला असतो. गाळात सेंद्रिय पदार्थ कुजतात तसा तिथल्या पाण्यातला कार्बन-१३ घटतो, आणि आत राहणाऱ्यांच्या कवचात तीच घट उतरते.

एका प्रबंधात कोअरच्या वरच्या भागात सिबिसिडॉइडिस होता. खाली तो मिळेना म्हणून तिथून युविजेरिना घेतला. जिथे जात बदलली नेमक्या तिथेच आलेखात पायरी, आणि त्या पायरीला नाव दिलं खोल अभिसरणातला, म्हणजे खोल समुद्रातल्या प्रवाहांतला, बदल! ऑक्सिजन-१८ साठी, म्हणजे कवचातल्या जड ऑक्सिजनच्या प्रमाणासाठी, या दोघांत ०.६४ प्रति हजारचा फरक जुना रूढ आहे, सिबिसिडॉइडिसमध्ये तेवढा मिळवतात. कार्बनसाठी असा ठरीव आकडा नाही, कारण तो फरक त्या त्या काळी किती सेंद्रिय पदार्थ खाली पडत होते यावर हलतो. जात मिळत नसेल तर तिथे आलेखात रिकामी जागा सोडा. दोन्ही जाती असलेले काही थर सापडले तर दोन्ही मोजा. सिबिसिडॉइडिस आणि ग्लोबोबुलिमिना यांच्या कार्बनमधला फरक तर तळच्या ऑक्सिजनचाच अंदाज देतो. म्हणजे तुम्ही मिसळून टाकताय ती माहिती आहे.

ऑक्सिजन-१८ म्हणजे थर्मामीटर समजणे

हिमयुगाच्या ऐन भरापासून आजपर्यंत तळवासी फोरामचा ऑक्सिजन-१८ ढोबळमानाने १.७ प्रति हजार उतरला. पाणी चार अंशांनी थंड झालं की कवचातला ऑक्सिजन-१८ एक प्रति हजार वाढतो, हा हिशोब लावून सगळा फरक तापमानाच्या खात्यात टाकला तर हिमयुगातलं तळचं पाणी आजच्याहून सात अंश थंड निघतं, म्हणजे उणे पाच. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या सुमारास गोठतं. हा साधा गुणाकार करून बघायला कुणाला वेळ नसतो. त्या फरकातला साधारण एक प्रति हजार जमिनीवर साठलेल्या बर्फाचा. हलका ऑक्सिजन बर्फात अडकला, समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेला आणि उरलेलं पाणी जड झालं. १९५५ साली एमिलियानी या संशोधकांनी या चढउताराचा बराच वाटा तापमानाला दिला होता. १९६७ मध्ये शॅकलटनने तो बर्फाकडे वळवला. साठ वर्षं होत आली, आणि आमच्याकडे अजून १९५५ चालू आहे.

बाकीच्या, थोडक्यात

अरबी समुद्रात सुमारे १५० ते १२०० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला थर आहे. तिथला नमुना १५० मायक्रॉनच्या चाळणीवर मोजू नका. कमी ऑक्सिजनात तगणारे बोलिविना हे बारीक फोराम खाली निसटतात आणि तुम्ही लिहून मोकळे होता की ऑक्सिजन भरपूर होता.

युरेनियम वाढलेलं दिसलं की लगेच “ऑक्सिजन कमी” म्हणू नका. नंतर ऑक्सिजन आत झिरपला तर ते विरघळून जागा बदलतं. मॉलिब्डेनम आणि गाळातले पट्टे सोबत बघा.

पिस्टन कोअरचा वरचा टोकाचा गाळ बऱ्याचदा गेलेला असतो. “आजचा” नमुना हवा तर वरचा थर न हलवता काढणाऱ्या मल्टिकोअरचा घ्या.

गोदावरीच्या मुखाबाहेरच्या अख्ख्या गाळाचं रेडिओकार्बन वय काढू नका, नदी जमिनीवरचा जुना कार्बन आणून टाकते. वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या फोरामची कवचं निवडा आणि समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनचं वय मुळातच जास्त दिसतं, त्यासाठीची सागरी दुरुस्ती लावा.

रोझ बेंगाल या रंगद्रव्याने लाल झालेला प्रत्येक फोराम जिवंत नसतो. मेल्यावरही आतला जीवद्रव्य कित्येक दिवस रंग धरतो.

आणि निवडलेली सगळी कवचं एकदम विरघळवायला देऊन बसू नका. प्रत्येक थरातली चार-पाच स्लाइडवर डिंकाने चिकटवून खोली, जात आणि तारीख पेन्सिलने लिहून ठेवा, कारण परीक्षकाला शंका आली की तो पहिल्यांदा तीच मागतो.