ओटीचे ब्लाउज पीस, रद्दीतले खोके आणि नेमकं बिघडतं कुठे

प्रत्येक घरात ओटीत आलेल्या ब्लाउज पीसचा एक गठ्ठा असतो आणि माळ्यावर दोन-चार रिकामे खोके. या दोन्हींतून बांगड्या, औषधं, शिवणाचं सामान, चार्जर ठेवायला फार देखणे डबे होतात. खर्च होतो तो फेविकॉलचा. तरीही बऱ्याच जणींचा पहिला डबा महिनाभरात कोपऱ्यात जातो, कारण झाकण बसत नाही, कड उचलली जाते किंवा आत कुबट वास येतो. कापड सुंदर असतं, बिघाड त्याच्या खाली असतो.

सुरुवात खोक्यापासून. किराणा दुकानातून आणलेलं खोकं तसंच वापरू नका. पुठ्ठ्याच्या दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो आणि त्या पोकळ नळ्यांत झुरळांची अंडी राहू शकतात. खोकं उलगडून, झटकून एक दिवस कडक उन्हात ठेवा. पिझ्झाचं किंवा फरसाणाचं तेलकट खोकं घेऊच नका. तेलाच्या डागावर फेविकॉल धरत नाही, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. तीन प्लायचा, म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा बांगड्या-रिबिनींना पुरतो. पुस्तकं किंवा हत्यारं ठेवायची असतील तर पाच प्लायचा घ्या, नाहीतर तळ झोळीसारखा खाली येतो.

घडी घालताना कटरने अर्धवट चिरू नका. संपलेल्या बॉलपेनने स्टीलच्या पट्टीच्या कडेने दाबून रेघ ओढा आणि मग दुमडा. चिरलेली घडी दहा-बारा वेळा उघडली की फाटते.

आता झाकण. सगळ्यात जास्त डबे इथे वाया जातात. आपण कोऱ्या पुठ्ठ्यावर माप घेतो, झाकण दोन मिलिमीटर मोठं कापतो, हाताने बसवून पाहतो तेव्हा ते छान बसतं. मग दोन्हींना कापड चढतं. डब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थर, झाकणाच्या आत वळवलेल्या कापडाचा पुन्हा दोन्ही बाजूंना थर, कोपऱ्यात तर दुमडीमुळे तीन-तीन थर. वर फेविकॉलची जाडी. ते दोन मिलिमीटर केव्हाच संपतात. मी आईच्या खणाच्या कापडात केलेल्या डब्याचं झाकण असंच अडकलं. ओढून काढताना कोपऱ्याचं कापड सुटलं आणि ते कापड पुन्हा मिळणारं नव्हतं. तेव्हापासून मी आधी डब्याला कापड लावते, पूर्ण वाळू देते, मग त्या वाळलेल्या डब्याचं बाहेरचं माप घेते आणि झाकणाचं आतलं माप त्याहून चार मिलिमीटर मोठं धरते. खणासारखं जाड कापड असेल तर पाच. कोपऱ्यात दुमडलेलं जादा कापड तिरकं कापून टाका, पण अगदी टोकापर्यंत कापू नका. दोन मिलिमीटर राहू द्या, नाहीतर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो.

कापड किती लागेल हेही आधी मोजा. 30 बाय 20 सेंटिमीटरचा, 12 सेंटिमीटर उंचीचा डबा असेल तर लांबीत 30 अधिक दोन्ही बाजूंची उंची 24 अधिक आत वळवायला 6, म्हणजे 60. रुंदीत तसंच 50. ऐंशी सेंटिमीटरच्या ब्लाउज पीसमधून हा डबा आणि त्याचं उथळ झाकण, दोन्ही निघतात. नक्षी किंवा काठ समोरच्या बाजूला कुठे येईल, हे कापण्याआधी कापड डब्यावर पसरून बघा.

फेविकॉलबाबत दोन चुका कायम दिसतात. एक, तो कापडाला लावणं. तो पुठ्ठ्याला लावायचा, ब्रशने किंवा स्पंजच्या तुकड्याने, पातळ आणि सारखा. दोन, पाणी घालून पातळ करणं. कागद चिकटवताना थोडं पाणी चालतं, कापडाला नाही. ओल आरपार येते आणि पातळ सिंथेटिक ब्लाउज पीसवर तिचे डाग कायमचे राहतात. सुती कापड जास्त सांभाळून घेतं. कापड मधून कडेकडे दाबत न्या, बुडबुडे राहत नाहीत. रंग जाणारं कापड आधीच ओळखा: कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा.

झाकण वाळल्यावर होडीसारखं वाकलं? ओलं कापड वाळताना आखडतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. बाइंडिंगवाले म्हणूनच पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावतात. तुम्हीही आतून कागद चिकटवा आणि रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा. पोळपाट आणि वर दोन डिक्शनऱ्या पुरतात. आधीच वाकलेलं झाकणही याच उपायाने बरंच सरळ होतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, घाई अजिबात नको. वरून कोरडा वाटणारा डबा आतून ओला असतो. तसाच झाकण लावून कपाटात ठेवला की आठवड्यात बुरशी. पंख्याखाली पूर्ण एक दिवस उघडा ठेवा, दमट दिवसांत दोन. पांढरे ठिपके दिसले तर बाल्कनीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि ऊन दाखवा. पुठ्ठाच मऊ पडला असेल तर तो डबा टाकून द्या, आतलं सामान वाचवा.

काही जणी घरची मैद्याची खळ वापरतात. स्वस्त आहे, चिकटतेही छान, पण कसरीला ती फार आवडते. जुने बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विष आहे; लहान मुलं असलेल्या घरात आणि खाऊच्या डब्याला मुळीच नको. तिथे फेविकॉलच बरा.

दोरीची मूठ लावताना पुठ्ठ्याला नुसतं भोक पाडून आतून गाठ मारली की पहिल्या भरल्या उचलीला भोक फाटतं. आतून पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, त्याच्या नळ्या आडव्या येतील असा, चिकटवा, तो वाळल्यावर भोक पाडा आणि गाठीखाली जुन्या कोटाचं मोठं बटण ओवा.