मेनूतून प्रोग्रॅम गायब झालाय? निघण्याआधीची तयारी

"सर, रायटर गेलंय बघा." खानापूरकडच्या गावांतून फोन आला की निम्म्या वेळा हेच वाक्य असतं. रायटर म्हणजे लिनक्सच्या मशिनवरचा, लिब्रेऑफिसमधला मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. गाडी काढायच्या आधी फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. एकच प्रोग्रॅम दिसत नाही की बरेच? दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये दिसतो का? अपडेट चालू असताना लाईट गेली होती का? मशिनची भाषा कुणी बदलली का? उत्तरं वहीत लिहून घ्या आणि कळकळीने सांगा, मी येईपर्यंत कुणीही फॉरमॅट मारू नका.

हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण प्रोग्रॅम बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. लिनक्समधला मेनू प्रोग्रॅम शोधत बसत नाही, तो प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी चिठ्ठी वाचतो. नाव, चित्र, कोणती कमांड चालवायची, एवढंच तिच्यात असतं, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं. चिठ्ठी हरवली किंवा बिघडली की मेनूला प्रोग्रॅम दिसत नाही. म्हणून फोनवरच ऑल्ट आणि एफ २ दाबायला सांगा, 'लिब्रेऑफिस' हे इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून एंटर मारायला लावा. उघडलं तर त्यांचं काम तिथंच सुरू होतं आणि तुमची घाई संपते.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात कधी विसरू नये. एकाच मशिनवर सकाळी कन्नड वाचणारा बसतो, दुपारी मराठी आणि संध्याकाळी इंग्रजीवाला. चिठ्ठीत नावाची ओळ प्रत्येक भाषेसाठी वेगळी असू शकते: मराठीला 'एमआर', कन्नडला 'केएन'. भाषा बदलली की मेनूतली नावं बदलतात, कधी क्रमही बदलतो. रोजच्या जागी रोजचं नाव नाही म्हटल्यावर माणूस गायब झालं म्हणणारच. अशा वेळी नाव सोडून चित्र ओळखायला सांगा.

सोबत दोन पेनड्राइव्ह घ्या. एकात त्या मशिनवर आहे त्याच लिनक्सची, त्याच आवृत्तीची लाइव्ह प्रत, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालू होणारी प्रत असावी. पावसाळ्यात घाटाकडे नेटचा भरवसा धरता येत नाही, आणि मूळ चिठ्ठी या लाइव्ह प्रतीत बहुधा तयारच मिळते. दुसरा रिकामा, जुन्या फाइलींची नक्कल ठेवायला. पोचल्यावर कशालाही हात लावण्याआधी वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'ॲप्लिकेशन्स' या फोल्डरची नक्कल करा.

पहिला शोधही तिथंच घ्या. सिस्टिमच्या चिठ्ठ्या 'यूएसआर'मधल्या 'शेअर'खाली असतात, पण त्याच नावाची फाइल होममध्ये असेल तर मेनू होममधलीच मानतो. एका शाळेत हेच झालं होतं. कुणीतरी मेनू एडिटर उघडून खूण काढली होती, त्यामुळे होममध्ये रायटरची दुसरी चिठ्ठी तयार झाली होती आणि तिच्या तळाशी एक ओळ होती: 'नोडिस्प्ले=ट्रू'. मी त्या फाइलीचं नाव बदललं, काही क्षणांत रायटर मेनूत परत आलं. सातवीच्या मुलांचे निबंध त्याच मशिनवर होते, दुसरी प्रत कुठंच नव्हती. बाई आदल्या दिवशी फॉरमॅटसाठी माणूस बोलावणार होत्या, हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

होममध्ये काही सापडलं नाही तर सिस्टिमची चिठ्ठी उघडून 'ट्रायएक्झेक'ची ओळ बघा. तिच्यात दिलेली फाइल जागेवर नसेल तर नोंद मेनूत येतच नाही. 'ओन्लीशोइन' असेल तर ती नोंद ग्नोम, एक्सएफसीई अशा ठरावीक डेस्कटॉपपुरतीच असते. या ओळी हाताने लिहिताना लहानमोठी अक्षरं तंतोतंत जपा, 'नोडिस्प्ले'मधले एन आणि डी मोठेच हवेत. नंतर 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' ही कमांड चालवली की ती चुका दाखवते.

फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम टाकायची एक वेगळी पद्धत आहे; तिचा पहिलाच प्रोग्रॅम टाकला असेल तर आधी लॉगआउट करून परत लॉगिन करा. मेनूने चिठ्ठ्या कुठे कुठे शोधायच्या याची 'एक्सडीजी डेटा डर्स' नावाची यादी असते, आणि फ्लॅटपॅकच्या चिठ्ठ्यांचा फोल्डर सेशन सुरू होतानाच तिच्यात जोडला जातो. तरीही दिसत नसेल तर होममधली 'डॉट प्रोफाइल' ही फाइल बघा, कुणी ती यादी वाढवायच्या ऐवजी नव्यानेच लिहिलेली असते.

डेबियन, उबुंटू किंवा मिंटवर अपडेट चालू असताना लाईट गेली असेल तर 'सुडो डीपीकेजी', मग दोन आडव्या रेघा जोडून 'कॉन्फिगर', शेवटी एक रेघ आणि 'ए', असं देऊन अर्धवट राहिलेलं काम पुरं करा. लाईट परत जाईल अशी लक्षणं असली तर थांबा, यूपीएस असल्याशिवाय हे करू नका.

निघण्याआधी माऊस त्यांच्या हातात द्या आणि प्रोग्रॅम त्यांनाच मेनूतून उघडू द्या, प्रत्येक लॉगिनमधून. कोणती फाइल कुठून हलवली ते तारखेसह त्यांच्या रजिस्टरमध्ये मराठीत लिहा, कन्नड वाचणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून खाली कन्नडमध्येही लिहून घ्या.