इंटरव्ह्यू झाला, आता मार्कांचं काय?

अमेरिकेत मेडिकलला अर्ज केलेल्या मुलांच्या घरी ऑक्टोबर ते मार्च जरा विचित्र जातात. इंटरव्ह्यू होऊन गेलेला असतो, उत्तर आलेलं नसतं, आणि जेवताना विषय फिरून फिरून तिथेच येतो. आमच्याकडे तर एक्सेल शीट होती. नवऱ्याने बनवलेली. एका रकान्यात कॉलेज, पुढे जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची 4 पैकी सरासरी), पुढे एमकॅट (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर) आणि शेवटी ‘शक्यता’, टक्क्यांत. लेकीने ती एकदा पाहिली आणि म्हणाली, “बाबा, ही सांगलीची अकरावीची ॲडमिशन नाहीये.”

खरं होतं तिचं. नीटच्या 720 पैकी मार्कांवर यादी लावायची आणि वरून खाली सीटा भरत जायच्या, असं इथे होत नाही. मार्कांचं मोठं काम इंटरव्ह्यूच्या आधीच उरकलेलं असतं. हजारो अर्जांतून कोणाला बोलवायचं हे ठरवताना आधी आकडेच बघितले जातात. इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, एएएमसीने, 2011 साली प्रवेश अधिकाऱ्यांच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष छापले होते. बोलावणं देताना जीपीए आणि एमकॅट सगळ्यात वर होते, सीट देताना मात्र इंटरव्ह्यू. तरी मार्क फाईलमधून जात नाहीत. कॉलेजची प्रवेश कमिटी शेवटची चर्चा करते तेव्हा ते समोर असतात, आणि काठावरच्या मुलांच्या बाबतीत कोणीतरी विचारतंच की पहिल्या वर्षाचा अभ्यास हिला झेपेल का. कुठे इंटरव्ह्यूचे गुण आणि हे आकडे एकत्र धरतात, कुठे इंटरव्ह्यूनंतर आकड्यांकडे फारसं बघत नाहीत.

तर पहिलं काम, खरा आकडा काढा. कॉलेजच्या पोर्टलवर दिसणारा जीपीए आणि एएमकॅसने, म्हणजे अर्ज गोळा करणाऱ्या केंद्रीय सेवेने, काढलेला जीपीए हे दोन वेगळे असू शकतात. एएमकॅस ए प्लसला 4.0 च धरते. नापास होऊन पुन्हा केलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड मोजते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला कोर्सही त्यात येतो. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढते, आणि कमिटीत बोलताना बहुधा तोच निघतो.

मग तो आकडा त्या त्या कॉलेजच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. एएएमसीचं एमसार म्हणून पैसे भरून बघायचं संकेतस्थळ आहे. त्यात प्रत्येक कॉलेजने प्रवेश दिलेल्या मुलांचा मधला आकडा मिळतो, आणि तळाचे व वरचे दहा-दहा टक्के सोडून उरलेल्यांचा पट्टाही. मूल त्या पट्ट्याच्या मधोमध असेल तर मार्कांचा विषय घरात बंद. 2023 साली एमडीला (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) प्रत्यक्ष दाखल झालेल्यांची सरासरी एमकॅट 528 पैकी 511.7 होती, जीपीए 3.77. अर्ज केलेले बावन्न हजारांवर, आत गेलेले तेवीस हजारांच्या आसपास. 517 च्या वर एमकॅट आणि 3.8 चा जीपीए असूनही दहातल्या एक-दोघांना कुठेच जागा मिळत नाही. हे वाचून नवऱ्याने शीटमधला शेवटचा रकाना खोडला. बाकीची शीट अजून लॅपटॉपवर आहे, ते सोडा.

इंटरव्ह्यूहून आल्यावर त्याच रात्री, झोपायच्या आत, मुलांना सगळं लिहून काढायला सांगा. कोण होतं, काय विचारलं, कुठे अडखळलो. आणि मुलाखत घेणाऱ्यासमोर फाईल होती की नव्हती, हे आवर्जून. काही ठिकाणी त्यांना मार्क दाखवतच नाहीत. आमच्या मुलीला ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सेमिस्टरला सी प्लस होता. एका कॉलेजात बाईंनी पान उलटून त्यावरच बोट ठेवलं. ती तीन वाक्यांत बोलली: लॅबमध्ये आठवड्याला वीस तास काम घेतलं होतं, ते जास्त झालं, बायोकेमिस्ट्रीच्या आधी कमी केलं. बायोकेमिस्ट्रीत ए होता, बाईंनी तोही बघितला. दुसऱ्या कॉलेजात मार्कांचा म सुद्धा निघाला नाही, अर्धा तास ती लहान मुलांना पोहायला शिकवते त्यावर गप्पा. त्या टिपणांमुळे पुढे कुठल्या कॉलेजला काय लिहायचं ते कळलं.

आता चालू सेमिस्टर. एएमकॅसने एकदा तपासलेला जीपीए त्या वर्षी पुन्हा काढला जात नाही, त्यामुळे डिसेंबरचे ग्रेड लागले की नवी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, ज्या कॉलेजांना चालते त्यांना थेट पाठवायची. खालून वर चढत गेलेल्या मुलांनी तर नक्कीच. उलट बाजूही लक्षात ठेवा. प्रवेश मिळतो तो अटींवर. सक्तीचा एखादा विषय मध्येच सोडला किंवा शेवटच्या सेमिस्टरला आपटी खाल्ली, तर मिळालेली जागा काढून घेऊ शकतात. अर्जात लिहिलेला कोर्स बदलायचा असेल तर आधी विचारा.

“एमकॅट पुन्हा देऊ का?” हा प्रश्न नोव्हेंबरात हमखास येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर परीक्षाच नसते. जानेवारीत दिली तर निकाल महिन्याने, तोवर प्रवेशाची बरीचशी पत्रं गेलेली. शिवाय सगळे स्कोअर कॉलेजांना दिसतात, चांगला तेवढा दाखवायची सोय नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर वेगळी गोष्ट.

इंटरव्ह्यूनंतर आपण कॉलेजला पाठवायच्या पत्रांच्या बाबतीत आधी त्यांचे नियम वाचा. काही जण इंटरव्ह्यूनंतर काहीच घेत नाहीत, तिथे पाठवलेलं पत्र फक्त नियम न वाचल्याचा पुरावा ठरतं. घेत असतील तर एका पानाचं, नवे ग्रेड, नवं काम, एवढंच. ‘प्रवेश दिलात तर तुमच्याकडेच येईन’ हे एकाच कॉलेजला लिहायचं. चार ठिकाणी लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांना ते पटलेलंही होतं. मला नाही पटत.

एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांच्या आईवडिलांनी एक कागद वेगळा ठेवा. एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो व्हिसा संपतो, मूल बहुधा एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातं आणि मेडिकल कॉलेजच्या लेखी परदेशी विद्यार्थी असतं. मग 520 असो की 525, ग्रीन कार्ड नसलेल्यांना न घेणारी कॉलेजं घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही, एकापेक्षा जास्त वर्षांची फी आधीच बँकेत अडकवून ठेवायला सांगतात. ते पैसे कुठून आणि किती दिवसांत उभे राहतील, हे पत्र यायच्या आधी ठरलेलं असू द्या.

तारखा फ्रिजवर लावा. एमडीचे होकार 15 ऑक्टोबरपासून सुटतात. हातात एकाहून जास्त जागा असतील तर 30 एप्रिलपर्यंत एकच ठेवायची, बाकीच्या सोडायच्या. त्या सुटलेल्या जागांवरच वेटलिस्ट हलायला लागते आणि मे-जूनमध्ये फोन येतात, काहींना तर वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर. उत्तर द्यायला वेळ थोडा असतो. म्हणून मुलीच्या फोनचा व्हॉइसमेल भरलेला नाही ना ते बघा, स्पॅममधली पत्रं रोज बघायला सांगा, आणि जूनमध्ये मामेभावाच्या लग्नाला भारतात जाणार असाल तर तिचं अमेरिकन सिम रोमिंगवर चालू ठेवा. आमचा फोन मिरजेच्या कार्यालयात, पंगत बसलेली असताना आला होता.